ट्यूबच्या पट्टीचे तीन वेढे

कुंदाताई,

तुझ्या तेरवीला तुझ्या फोटोसमोर लोक उठून उठून बोलले, आणि प्रत्येकानं सांगितलं की तू सगळ्यांना सारखा जीव लावायचीस. साफ खोटं. तू सगळ्यांना सारखा जीव लावला असतास तर मला एवढं जळायची गरजच पडली नसती.

तुझं शिक्षण, तुझं शिवणकाम, तुझे मोर्चे, सगळं सांगून झालं. माइक माझ्याकडेही आला होता. मी तो पुढं सरकवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून वो भोंग्या, आज बॅटरी उतरली काय?" बॅटरी उतरली नव्हती. तुझ्या फोटोला लागून शबाना बसली होती, आणि तिच्या तोंडावर जे बोलायला पाहिजे होतं ते मला बोलता येत नव्हतं. मी पत्रकं लिहिणारी पोरगी. दोषी कोण ते पहिल्या परिच्छेदात सांगून टाकायचं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, ही माझी शिस्त. तर सांगते. तुझी गाडी मी बंद पाडली. जाण्याआधी तुला गाडीवर बसून बाजाराचा एक चक्कर मारायचा होता, तो माझ्यामुळं राहिला. आणि तू जिवंत असताना हे मी तुला सांगितलं नाही.

आपली ओळखच भांडणातून झाली, आठव. मी कॉलेजातून नुकती सुटलेली, आठवडी बाजारात पत्रक वाटत होते. मथळा होता, 'महिला विक्रेत्यांच्या स्वच्छताविषयक मूलभूत हक्कांबाबत'. तू लिंबाखाली बसून एका भाजीवालीच्या ब्लाउजचं माप घेत होतीस. माझं पत्रक घेतलंस, उलटं केलंस आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं बाहीचा आकार काढलास.

"कागद चांगला हाय," तू म्हणालीस.

मी भडकले. "वाचा तरी आधी!"

"वाचलं. याच्यात मुतारी कुठं लिहिली हाय?"

"प्रसाधनगृह लिहिलंय की."

"ते कोणाले लागते? इथल्या बायाईले मुतारी लागते, पोरी. इच्याकडं पाय." तू त्या भाजीवालीची हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडं वळवलंस. "सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतला इनं. चहाले नाही म्हणते. तिखट खात नाही बाजारच्या दिवशी. काहून? जायाचं कुठं? म्या माप घेतो ना, मले दिसते. ओठ फुटलेले, अंग तापलेलं. हे लिही."

भाजीवाली लाजून पदरात हसत होती. मी घरी जाऊन रडले, मग लिहिलं. 'बाजारच्या दिवशी आमच्या आया पाणी पीत नाहीत.' माझं बायकांनी वाचलेलं ते पहिलं पत्रक. वाचता न येणाऱ्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. पुढच्या बाजारात प्रत्येकीच्या तोंडी एकच, "कुंदाताईचं पत्रक आलं." ताई, ते पत्रक मी लिहिलं होतं. चार वर्षं मी लिहीत गेले आणि चार वर्षं ते तुझंच राहिलं. तुला त्याचं काहीच नव्हतं. तू गळ्यात टेप अडकवून बायकांच्या काखेत हात घालून माप घ्यायचीस, आणि बायका तुला सगळं सांगायच्या. मला सांगायच्या नाहीत. मी वही काढली की त्यांची तोंडं मिटायची.

पण तुझ्या गाडीवरची मागची जागा माझी होती. ते तर कोणी नेलं नव्हतं ना माझं. आर्णीहून निघायचं, पुढं तू, मागं मी, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. तुझ्या टेपचं टोक वाऱ्यानं उडून माझ्या गालावर फटफट लागायचं. तुझ्या पाठीला खोबरेल आणि मशीनच्या तेलाचा एकत्र वास. शिवलेल्या ब्लाउजचं गाठोडं माझ्या पाठीमागं कॅरिअरवर, ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कापलेल्या बोटभर रुंद पट्टीनं आवळलेलं. तुझ्या गाडीची स्टँडवर ब्रेक अडकवून ठेवायची खिट्टी कधीचीच तुटली होती. तुझं अंगण नालीकडं उतरतं. म्हणून गाडी छपरीत लावली की तीच पट्टी सोडून डाव्या हाताच्या ब्रेकला गुंडाळायची. तीन वेढे, एक गाठ. ब्रेक दाबलेला राहायचा, गाडी हलायची नाही. अख्ख्या तालुक्यात लोक असंच करतात. पण तू एक गोष्ट घासून घासून सांगायचीस. "सकाळी उठल्याबरोबर पयले पट्टी सोडजो, पन्ने. ब्रेक जास्त दिवस आवळून ठेवला त ब्रेकचं लायनर चाकातल्या डरमाले चिकटून बसते. मंग देवाच्या बापाले निंघत नाही."

मला हे माहीत होतं. लक्षात ठेव, ताई. मला माहीत होतं.

मग शबाना आली. आली म्हणजे काय, रस्त्यावर चालत होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी, हातात दुसरी. तू गाडी थांबवलीस. "कुठल्या बाजारले?" ती म्हणाली, तुम्ही जाता त्याच. तू मागं वळून माझ्याकडं पाहिलंस आणि अगदी सहज, जशी वांगी निवडावीत तशी म्हणालीस, "पन्ने, तुले त एसटीचा पास हाय."

होता माझ्याकडं पास. मी उतरले. शबाना बसली. तिची पेटी जिथं माझी पत्रकं असायची तिथं गेली, आणि माझी पत्रकं पुढं तुझ्या पायाशी, चपलांजवळ. मी फाट्यावर उभी राहिले आणि एसटीची वाट बघत मनातल्या मनात एक भयंकर पत्रक लिहिलं. विषय होता तू.

त्यानंतर बाजारच्या दिवशी ती पुढच्या फाट्यावर उभीच असायची. एकदा ती, एकदा मी, असं ठरलं होतं म्हणे. ठरवलं कोणी? तू. मोजलं कोणी? मी. तू तिला गाडी चालवायला शिकवलीस तेव्हा तर हद्दच झाली. मी आधी मागितलं होतं शिकवायला. एकदाच हातात दिलीस, मी सरळ पऱ्हाटीच्या ढिगात घातली, आणि तू पोट धरून हसलीस. "तू भाषण कर वो माय. गाडी दुसरं कोणी चालवन." दुसरं कोणी म्हणजे ही. जिनिंगच्या मोकळ्या मैदानात दोन संध्याकाळी. मी गेटावर उभी होते. ती वळणावर डगमगली की तू मागं धावायचीस, हात सीटखाली, पदर खोचलेला, ओरडत, "ब्रेक हळू दाब, हळू, अंड्यावानी!" माझ्या मागं तू कधी धावली होतीस?

मी ठेकेदारावर लिहिलं, पुढाऱ्यावर लिहिलं, मुतारीचे पत्रे गिळणाऱ्यावर लिहिलं. तो राग कामाचा होता, तो छापता येत होता. हा राग छापण्यासारखा नव्हता. ज्या बायकांच्या हक्कासाठी मी घसा फोडत होते त्यांतल्याच एका बांगडीवालीचं गाडीवर बसणं मला सहन होत नव्हतं. जळकुकडी. आई म्हणायची मला लहानपणी. बरोबर म्हणायची.

होळीच्या आठवड्यातला तो बाजार. एका म्हातारीचं माप घेता घेता तुझ्या हातातून टेप गळाला आणि तू खाली बसलीस. चेहरा राखेसारखा. जीपमध्ये तुला झोपवलं, यवतमाळला न्यायचं ठरलं. त्या दिवशी एसटीची पाळी माझी होती, म्हणजे गाडीवर शबाना आलेली. मी जीपमध्ये तुझ्याजवळ चढायला गेले तर तू डोळे उघडलेस आणि कमरेची चाबी काढून तिच्या हातात दिलीस. "शबाना, तू चालवत ने. पन्ने, तू इच्या मागं बस. पोट्टी एकटी हाय."

माझ्या बसायच्या जागेवर बसून, तिच्या पाठीमागं, मी तुझ्या घरी आले. तिला पुढं गावाकडची बस धरायची होती. चाबी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "बाजारच्या दिवशी येतो गाडी घ्यायले. ताईनं गाठोडं पोहचवून देयाले सांगतलं हाय." पळाली.

मी गाडी छपरीत लावली. पट्टी घेतली. तीन वेढे दिले, करकचून. एक गाठ मारली, मग तिच्यावर दुसरी. वर ताडपत्री टाकली.

आठ दिवसांनी ती आली. मी तुझ्या दारातच उभी राहिले. खरं सांगते, आधी काही ठरवलं नव्हतं. तिनं हात पुढं केला आणि माझ्या तोंडातून निघालं, "बिघडली. ब्रेक जाम झाला."

"मामूले पाठवू काय?" तिचा मामा म्हणजे बसस्टँडमागचा युसूफचाचा, अख्ख्या तालुक्याच्या गाड्यांचा डॉक्टर.

"नको. राजूदादा पाहणार हाय." तुझा मुलगा राजूदादा तेव्हा नागपूरला, सुट्टी मिळेना म्हणून फोनवरून हात जोडत होता. त्याला गाडीचं नावही ठाऊक नव्हतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, ताडपत्रीकडं पाहिलं. गाठोडं उचललं, पेटीवर ठेवलं, पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

ब्रेक जाम नव्हता, ताई. त्या दिवशी पट्टी सोडली असती तर चाक गरकन फिरलं असतं. मी बोलले ते खोटं होतं. पुढं पावसाळ्यानं ते खरं केलं. तुझ्या छपरीचं टिन मागच्या बाजूनं गळतं, धार नेमकी मागच्या चाकावर. मी तुझ्यासाठी खिचडी टाकताना ऐकायचे ती धार, ताडपत्रीवर टपटप. उठून पट्टी सोडायला किती वेळ लागला असता? उठले नाही. सोडली असती तर गाडी चालू झाली असती, आणि चालू झाली असती तर ती कोणाची, ते सगळ्यांना माहीत होतं.

तू यवतमाळहून घरी खाटेवर आलीस आणि माझी झालीस. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. तुझे केस मी विंचरायचे. तुझ्या गोळ्या मी द्यायचे. तू मला जवळ बसवून पत्रकं वाचायला लावायचीस आणि जड शब्द काढायला लावायचीस. "'निदर्शनास आणून देऊ इच्छितो' म्हंजे काय? दाखवतो म्हण." शबाना यायची, बांगड्या घेऊन, तुझ्या सुकलेल्या हाताच्या मापाच्या. मी उठायचेच नाही. एक क्षण तुम्हा दोघींना एकटं सोडलं नाही. तिच्यासमोर तू गाडीचं काढलंस की मी गोळीची वेळ काढायचे. ती गेल्यावर एकदा तू विचारलंस, "शबाना गाडी फिरवते ना वो?" मी म्हटलं, "तिला कुठं वेळ, ताई." ज्या पोरीनं वर्षभर पेटी डोक्यावर वाहिली, तिला मी तुझ्यासमोर कामचुकार ठरवलं. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं खोटं नाही.

नवरात्रात तू म्हणालीस, "पन्ने, मले एक चक्कर मारून आण गाडीवर. बाजारापर्यंत. मागं बसतो मी. कोणी बी चालवा." मी छपरीत गेले, ताडपत्री काढली, पट्टीला हात न लावता आधी चाक ढकलून पाहिलं. मागून लाथ मारली. चाक जागचं हललं नाही. फक्त पट्टीमुळं नाही, हे कळत होतं. खाली गंजाचा लाल ओघळ आलेला. मी परत आले. "पार्ट मिळत नाही म्हणतात, ताई."

दिवाळीत तू पुन्हा म्हणालीस. संक्रांतीच्या तिळगुळाच्या दिवशी पुन्हा. "गाडीचं काय झालं वो?" मी म्हटलं, "पाहून राह्यले." तू माझ्याकडं बघितलंस, म्हणालीस, "पाय. घाई नाही." आणि भिंतीकडं वळलीस. युसूफचाचाला हाक मारायला मला पाच मिनिटं पुरली असती. पण तो तिचा मामा. त्यानं पट्टी पाहिली असती, त्याला समजलं असतं. आणि मी थांबले. आणि तुला थांबता आलं नाही.

तेरवीचे पाहुणे गेल्यावर राजूदादानं मला चाबी दिली. "आई सांगून गेली. गाडी शबानाले देजो. पण पन्नीच्या हातानं सुधरवून. दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नको." मी चाबी घेतली. मेल्यावरसुद्धा तू तिलाच दिलीस, एवढंच मला ऐकू आलं. बाकीचं ऐकू आलंच नाही.

मागचं चाक ढकलगाडीवर उचलून ठेवलं आणि राजूदादानं आणि मी ओढत गाडी युसूफचाचाच्या दुकानात नेली. चाचानं ती स्टँडवर घेतली, ब्रेककडं पाहिलं. वर्षभराची पट्टी. मी सुरी काढली.

"काटू नको," तो म्हणाला. "जशी बांधली तशी खोल."

रबर उन्हाळ्यात वितळून लोखंडाला चिकटलं होतं, गाठ दगडासारखी. पेचकसाच्या टोकानं, नखानं, दातानं सोडली. दोन नखं तुटली. तिन्ही वेढे निघाले तरी ब्रेक सुटला नाही. दाबलेला तसाच राहिला.

चाचा स्टुलावर बसला. "अब नीचे. तुझ्या हाताने. ताईचा हुकूम हाय ना?"

खाली मागच्या चाकापाशी केबलचा नट सैल केला. ब्रेकचा दांडा गंजून बसलेला, त्याच्या बुडाशी डिझेल सोडलं आणि वाट पाहिली. मला वाट पाहता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी हातोडा उचलला आणि एक दणका दिला.

"ओ लीडर!" चाचा ओरडला. "मोर्चा हाय काय हा? फुटून जाईन. लाकडाची हातोडी घे. चारही बाजूनं फिरत फिरत. टकटक, बस."

टकटक. सायलेन्सर काढला. चाकाच्या आसाच्या नटाला पान्हा लावून वर पाइप घातला आणि लोंबकळले तेव्हा तो फिरला. चाक तरी निघेना. पुन्हा डिझेल, पुन्हा टकटक. चाचा मध्येच उठून चहा पिऊन आला. तिसऱ्या फेरीत आतून एक बारीक आवाज आला, कट्, आणि चाक एकदम सुटून माझ्या मांडीवर आलं. आत विटकरी भुकटीच भुकटी. एका लायनरचं अस्तर सोलून डरमालाच चिकटलेलं. तू म्हणायचीस तसंच, अगदी तसंच.

नवे लायनर चाचानं फडताळातून काढले. मी काचपेपर घेऊन डरम घासत बसले. गंज जाऊन लोखंड दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "मी आलतो देखने. दिवाळीच्या पयले."

माझा हात थांबला.

"तू यवतमाळले गेलती, तुझे कागद छापायले देयाले. ताईनं बुलवलं. ताडपत्री उचलली, पट्टी देखली, चाक देखलं. मैं बोला, ताई, दो घंट्याचं काम हाय, शामपर्यंत तुले बाजारात घुमवून आणतो. त ताई बोलली, राहू दे युसूफभाऊ. ज्या पोट्टीनं बांधली ते सोडन."

"अजून काय म्हणाली?"

"बोलली, तिले बोलू नको. घास, घास. किनार राह्यली."

मी घासत राहिले. डोळ्यात गंज गेला होता.

आता आपलं भांडण, ताई. तुला माहीत होतं. म्हणजे नवरात्रात तू खरोखर चक्कर मागितलास. पण दिवाळीत आणि संक्रांतीत तू चक्कर मागत नव्हतीस, तू माझ्यासाठी दार उघडं धरून बसली होतीस. आणि मी दोन्ही वेळा दारावरून गेले. हे काय वागणं झालं? मला शिव्या घालायच्या होत्यास. "जळकुकडे, उठ, सोड ती पट्टी," एवढं म्हणायचं होतंस. मी चिडले असते, रडले असते, आणि सोडली असती. दोन तासांचं काम होतं! तू गाडीवर बसली असतीस, भाजीवाल्या ओरडत धावल्या असत्या. कोणी सांगितलं होतं तुला माझी वाट बघायला? एवढा भरवसा टाकायच्या लायकीची मी नाही, हे तुला कळायला हवं होतं. लोक तुझ्या मायेवर बोलले त्या दिवशी. मला त्या मायेचा राग येतो. तू माझी वाट बघता बघता गेलीस, आणि मी ती वाट बघणं तुझं आजारपण समजत राहिले.

आणि तरी, हेही लिहून ठेवते, त्या दुकानात डरम घासताना एक क्षण मला बरं वाटलं. तू माझी वाट बघितलीस. शबानाची नाही. माझी. बघ, मी कशी आहे.

दांड्याला उडदाएवढं ग्रीस लावलं, लायनरला लागू दिलं नाही. चाक बसवलं, केबल नवी घातली. ब्रेक दाबला, सोडला. टचकन मागं आला. चाक फिरवलं, फिरलं.

शबाना दुपारी आली. मी तिच्यासमोर उभी राहून पत्रक वाचल्यासारखं सांगितलं, "तू आलीस त्या दिवशी ब्रेक जाम नव्हता. मी खोटं बोलले."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आठ दिवसाआधी तुले त्याच गाडीवर घेऊन आलतो ना मी? आठ दिवसात कोणता ब्रेक जाम होते? मेकॅनिकची भाची होय मी."

"मग बोलली काहून नाही?"

तिनं सीटवरची धूळ ओढणीनं पुसली. "काय बोलू? मी येवो त तू ताईच्या उशापाशी. वेणी घालून राह्यली, नाही त गोळी देऊन राह्यली. मले पाच मिनिटं नोती भेटत. मी बी जळत होतो तुयावर. म्हटलं, इनं ताई घेतली, वरून गाडी बी घेतली. घे म्हटलं." मग माझ्याकडं वळली. "आता माफी-बिफी मागू नको. वर्षभर पेटी वाह्यली म्या डोक्यावर. तुयाच्यानं ते भरून येत नाही."

"नाही मागत."

"बस मंग मागं. बाजार हाय आज."

मी बसले. चार वर्षांची माझी जागा, पाठ दुसऱ्याची. ती ब्रेक तुझ्यासारखाच दाबते, अंड्यासारखा. त्यावरही मी जळले. रस्ताभर जळले. तुझ्या चकराचा रस्ता तोच होता. लिंबाजवळ आल्यावर ती काही न सांगता हळू झाली, आम्ही दोघींनी तिकडं पाहिलं, आणि पुढं गेलो.

बाजारात चार टिनांची मुतारी उभी झाली आहे, ताई. आपलीच. तू नव्हतीस तेव्हा मी एकेका खांबासाठी भांडले. पण दाराला कडी नाही. लावली होती, कोणी तरी काढून नेली. त्याचं पत्रक लिहीत आहे, त्यात 'निदर्शनास' हा शब्द नाही. तोवर बायका एकमेकींचं दार धरतात.

शबाना आत गेली, दार ओढलं, ते पुन्हा उघडलं. आतून ओरडली, "पन्ने, ते ट्यूबची पट्टी हाय ना तुयापाशी? दे इकडं, खिळ्याले बांधतो."

होती. माझ्या खिशात घडी करून होती. तू ती दुसऱ्या कोणाला सोडू दिली नव्हतीस.

"नाही देत," मी म्हटलं.

"काहून?"

"माझी हाय. तू बस आत. मी दार धरतो."

ती आतून काही तरी पुटपुटली, जळकुकडी असावं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ती बाहेर आली तर मागं भाजीवाली उभी, तिच्यामागं म्हातारी, जिचं माप तुझ्या हातून अर्धं राहिलं ती. भाजीवालीच्या हातात पाण्याची बाटली होती, अर्धी रिकामी. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "कुंदाताईची पोरगी होय ना तू? धर माय दार." आणि आत गेली.

बाजार सुटेपर्यंत मी तिथंच होते.

तुझी,
पन्नी